तीन श्रेयांक

हंकारे सर,
तुमचे तीन श्रेयांक त्यांनी घेतले नाहीत.

बाकी पुष्कळ घेतले.
गणित घेतलं, दोन्ही सत्रांचं. यंत्रचित्र घेतलं.
पर्यावरण तर सगळ्यात आधी,
ज्याच्या तासाला मी गारगोटीच्या स्टँडवर भजी खात असे.
कार्यशाळा, सुतारकाम:
समोर एक आडवी रेघ.
समतुल्य विषय उपलब्ध नाही.

मी सोहारला असतो.
बंदरामागे, जहाजांना रसद पुरवणाऱ्या कंपनीच्या गोदामात
एकोणीस वर्षं स्टोअरकीपर.
दोरखंड, रंग, तांदूळ, गोठलेलं मटण,
एकदा एका ग्रीक कप्तानासाठी बुद्धिबळाचा पट.
आलेला माल मोजायचा, फुटका बाजूला काढायचा, सही ठोकायची.
म्हणून राग नाही आला, सर.
नको असलेला माल मीही असाच परत धाडतो,
रेघ मारून, पाठवणाऱ्याचं नाव न वाचता.

नापास झालो नव्हतो मी.
तेव्हा सांगायचं राहून गेलं.
दुसरं वर्ष संपलं, अण्णांचं शिवणयंत्र थांबलं,
आणि मामाचं पाकीट आलं व्हिसा घेऊन.
गुणपत्रिका ट्रंकेच्या तळाशी गेली, पेपराखाली.
परवा काढली तर घडीवर फाटलेली,
नेमकी माझ्या नावात.
सर्जे एका तुकड्यावर, राव दुसऱ्या.

उरलेले विषय परीक्षा देऊन मिळतात म्हणाले.
वर्गात बसायचं नाही,
कुठे शिकलात विचारणार नाहीत,
येतं का तेवढं दाखवायचं.
हे मला एकदम पटलं.

रात्री शीतगृहाच्या दाराशी बसायचो,
कॉम्प्रेसरच्या घरघरीत.
दादकरीम, आमचा बलुच ड्रायव्हर, प्रश्नांची कार्डं धरायचा.
त्याला इंग्रजी वाचता येत नाही,
कार्ड कधी कधी उलटंच असायचं.
तरी उत्तर चुकलं की तो मान हलवायचा.
कसं कळतं विचारलं, तर म्हणाला,
चुकताना तू जरा मोठ्याने बोलतोस.

परीक्षा मस्कतला. शुक्रवारी पहाटेची बस.
केंद्रावरची मारिविक घड्याळ, पाकीट, पट्टा
कपाटात ठेवून किल्ली हातात देते,
बाह्या वर करून मनगटं बघते.
नव्वद मिनिटं.
समाजशास्त्राला चौतिसावा प्रश्न आला:
माणसं परमुलखात कामाला का जातात?
पर्याय चार.
मी खिडकीकडे बघायला मान वळवली. खिडकी नव्हती.
अण्णांचं यंत्र त्या चारांत नव्हतं,
धाकटीचं लग्न नव्हतं, मामाला नाही म्हणायची भीती नव्हती,
आणि समुद्र एकदा बघायचा होता
हे तर कुठल्याच पुस्तकात नसणार.
पुस्तकातलं उत्तर दिलं. क.
एकसष्ट गुण. पन्नास पुरले असते.

असे अकरा शुक्रवार.

पदवी कुरियरने आली, गोदामाच्याच पत्त्यावर.
पावतीवर सवयीने लिहून गेलो:
नग एक, कोपरा किंचित दबलेला.
दादकरीमने सगळ्यांना खजूर वाटले, माझ्या पैशाने.
घरी फोन केला तर पोरगी म्हणाली,
बाबा, तुमच्या कॉलेजचं कँटीन कसं होतं?
मी म्हटलं, थंड. फार थंड.

आता सर, एक कबुली.
त्या रेघेचं मनातून जात नव्हतं,
म्हणून गेल्या शुक्रवारी पॅलेटच्या दोन फळ्या घेतल्या,
करवत, पटाशी, आणि तुमचा तो बिनखिळ्याचा सांधा
करायला बसलो.
सुरीचं पातं जाता कामा नये, म्हणायचात.
माझ्या सांध्यात सुरी गेली.
करंगळीही गेली.
दादकरीमने फळी हलवून बघितली
आणि या वेळी मान हलवायचीही तसदी घेतली नाही.

त्यांनी रेघ मारली ती बरोबरच म्हणायची.

उद्या पुन्हा शुक्रवार. फळ्या आणखी चार आहेत.
या विषयाचं केंद्र मस्कतला नाही,
कुठेच नाही, मी चौकशी केली.
पत्ता जुनाच घातलाय, सर,
तंत्रनिकेतन, कार्यशाळा, मागचं दार.
तुम्ही आहात ना अजून?